लायब्ररीतल्या मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिलेत

मॅडम, मी ती धूमकेतूवाली. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा लोक नेमके कशाला घाबरले होते ते त्या काळच्या मासिकांत शोधत होते, आठवलं का? त्या दिवशी तुम्ही खुर्ची ओढून पाऊण तास माझ्याशेजारी बसलात आणि मी घाईघाईत निघून गेले, नीट थँक्यू पण म्हटलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी तेव्हा नाद सोडायच्याच बेतात होते. एका साइटवर जुने अंक दिसायचे पण पान उघडायला गेलं की वर्षभराची वर्गणी मागायचे. तुम्ही एवढंच विचारलंत, "आपलं कार्ड आहे ना तुमच्याकडे?" होतं की! पण पुस्तकं घरी न्यायची सोडून मी त्याचा काहीच उपयोग केला नव्हता. तोच कार्ड नंबर आणि पिन टाकून लिबी, प्रेसरीडर या वाचायच्या अ‍ॅपवर चालू मासिकं मिळतात, लिबीवर मासिकासाठी ई-बुकसारखी वाट पण बघावी लागत नाही, आणि जुन्या अंकांचे पैसे भरून वापरायचे डेटाबेस लायब्ररीने आधीच घेऊन ठेवलेत, हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्याहून मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती शोधायची. धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडला होता आणि मे १९१० मध्ये पृथ्वी त्या शेपटीतून जाणार होती, म्हणून मी इंग्रजीत सायनोजेन टाकून बसले होते आणि हाती जेमतेम चार-पाच लेख. तुम्ही म्हणालात की सर्च छापलेलं पान वाचतच नाही, स्कॅनवरून मशिनने जी अक्षरं ओळखली तीच वाचतो, त्यामुळे शाई पुसट असली किंवा शब्द ओळीच्या शेवटी तुटून अर्धा खाली गेला की तो लेख सापडतच नाही. मग शब्द सोडून तारीख धरायला लावलीत, मे महिन्याचे अंक एकेक करून चाळायला लावलेत, आणि खरंच, जे सर्चला दिसत नव्हतं ते डोळ्यांना दिसत गेलं! त्याच वर्षी जानेवारीत दुसराच एक मोठा धूमकेतू दिसला होता, जुन्या लिखाणात लोक दोघांची गल्लत करतात, हेही तारखा लावून बघितल्यावरच माझ्या लक्षात आलं.

आणि त्या जाहिराती! तेव्हा धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या विकल्या गेल्या होत्या, मला त्यांच्या जाहिराती हव्या होत्या आणि मासिकांत एकही दिसेना. वर्षाचे अंक एकत्र बांधताना लायब्रऱ्या बऱ्याचदा कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकायच्या आणि स्कॅन झाले ते हेच बांधलेले खंड, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी जाहिराती नव्हत्याच असं लिहून मोकळी झाले असते. वर्तमानपत्रांची मात्र मायक्रोफिल्मवर, म्हणजे बारीक फोटोंच्या रिळावर, अख्खी पानं घेतलेली असतात, तिकडे बघा म्हणालात, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या, कार्डाशिवाय चालणाऱ्या दोन साइट कागदावर लिहून दिल्यात, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीचं ट्रोव्ह. तो कागद अजून माझ्या वहीत आहे.

ट्रोव्हवर मशिनने चुकीची वाचलेली ओळ कुणालाही दुरुस्त करता येते ना, तर मी आता रोज झोपायच्या आधी मे १९१० च्या थोड्या ओळी दुरुस्त करते. परवा सायनोजेनचाच एक तुटलेला शब्द जोडला. मॅडम, आता पुढच्या माणसाने तो शब्द टाकला तर ती बातमी त्याला सापडेल.