आई, तुझी अपॉइंटमेंट मी रद्द केलीये

ती. आई-बाबांस सा. न.,

बाबा, हे मोठ्यानं वाचा. आई चष्मा शोधायला उठली की तुम्ही निम्मं मनात वाचून टाकता, तसं नको. आणि आई, रागावायचं असेल तर पूर्ण ऐक, मग रागाव.

त्या ब्युटी क्लिनिकमध्ये पापण्यांवरचे पिवळे डाग काढायला तू जी अपॉइंटमेंट घेतली होतीस ती मी रद्द केलीये. नंबर दादाकडून घेतला, त्याला काही बोलू नकोस. तुला न विचारता केलं, आणि लोकांसमोर 'मुलगी नको म्हणाली' असं झालेलं तुला किती लागतं तेही मला माहितीये. पण मी त्यांना साधं विचारलं की ॲसिड लावणार की मशीननं जाळणार, आणि करणारे डॉक्टर आहेत का, तर पलीकडून एकच, 'मॅडम दहा मिनिटांचं काम आहे, टेन्शन घेऊ नका.' डोळ्याच्या इतक्या जवळचं काम आणि कोण करणार ते धड सांगेनात, मग मी कशी हो म्हणणार सांग.

डाग काढावेसे वाटतात यात तुझं काहीच चुकत नाही हां. 'या वयात कशाला नटायचंय' हे मागून बोललेलं मला फोनवर ऐकू आलं, बाबा. तुम्ही अजून मिशीला कलप लावता.

पण लग्नाच्या आधी नको. ॲसिडनं काढा नाहीतर जाळून, आधी खपली धरते, ती पडायला आठवडा-दहा दिवस, त्याखालची कातडी कितीतरी आठवडे लालसर, त्यात ऊन लागलं की आपल्यासारख्या सावळ्या रंगावर काळा डाग पडायची भीती. म्हणजे प्राजूच्या लग्नाच्या फोटोत पिवळ्याऐवजी काळे ठिपके. आत्ता आहेत ते चष्म्याच्या फ्रेममागे निम्मे झाकतात, खरं सांगते, तुझ्याइतकं कुणाचं लक्ष जात नाही तिकडे.

आणि माझी खरी काळजी डागांची नाहीच. ते दुखत नाहीत, डोळ्याला काही करत नाहीत. रक्तातली चरबी गिळून फुगलेल्या पेशी पापणीच्या पातळ कातडीखाली जमतात, बस. शेजारच्या काकूंचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असूनही त्यांना आहेत म्हणालीस, ते बरोबरच आहे, असे डाग असलेल्या साधारण निम्म्या लोकांचं नॉर्मलच येतं. पण तुझं नाही आलं ना आई. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 178 आहे. बाबांनी पाठवलेला रिपोर्ट मी इथल्या फिजिशियनना दाखवला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की घरात कुणाला कमी वयात हार्टचं काही झालंय का. मी आप्पामामाचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पावणेतेरा हजार लोकांवर तीस वर्षांच्या वर लक्ष ठेवून केलेला अभ्यास आहे, 2011 साली छापून आला. असे डाग असलेल्यांना हार्ट अटॅकचं प्रमाण जास्त निघालं, कोलेस्टेरॉलचा आकडा बाजूला ठेवला तरी. घाबरवायला नाही सांगत, डाग आहे म्हणजे अटॅक येणारच असं अजिबात नाही. पण एवढी चिठ्ठी शरीरानं तोंडावर आणून चिकटवली तर ती वाचायची आधी, मग खरवडायची. आणि बाबा, तुमच्या बुबुळाभोवती जी पांढरट कडा आलीये तिचं त्याच अभ्यासात तसं काही निघालं नाही, तेव्हा तुम्ही आरशासमोर उभे राहू नका.

तर ठरलंय ते असं. कोलेस्टेरॉलची गोळी आजपासून सुरू, रात्री जेवल्यावर. डाग त्या गोळीनं सहसा जात नाहीत, हे आत्ताच सांगते म्हणजे महिन्यानं 'काही फरक नाही' म्हणून बंद करणार नाहीस. अंग फार दुखायला लागलं तर मला फोन, शेजारच्या काकूंना नाही. थायरॉइड आणि शुगर तिथेच करून घ्या, थायरॉइड कमी पडत असेल तरी कोलेस्टेरॉल वाढतं.

लग्न आटोपलं की दोघं पुण्याला या. स्किनच्या डॉक्टरांना फोटो दाखवलेत. डावा डाग पातळ आहे, त्याला टीसीए म्हणून ॲसिड असतं ते काडीनं लावून चालेल म्हणाल्या, जागा पांढरी पडते आणि मग खपली. उजवा जाड आहे, तिथे बधिर करून लेझर, त्यावेळी डोळ्यात थेंब टाकून आत बुबुळावर धातूची छोटी झाकणी बसवतात म्हणजे किरण आत जात नाही. एकाच वेळी सगळं खोल काढायचं नाही, पापणी ओढली जाते. आणि परत येऊ शकतात, जुन्या एका नोंदीत तर कापून काढल्यावरही दहातल्या चौघांना परत आले होते. मेडिक्लेममध्ये बसत नाही, पैशाचं मी बघते, बाबा, पासबुक काढू नका.

बसनं येऊ नका, आईला बाथरूमची अडचण होते, कोयना एक्स्प्रेसची तिकिटं काढते. आतली खोली तुमची. कापसाची गादी पिंजून आणलीये, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, सकाळी पेपर दाराशी येतो, बाल्कनीत दहापर्यंत ऊन असतं. चहा तुझ्या वेळेला, आम्ही उठलो नसलो तरी गॅस कसा लावायचा ते तुला दाखवून ठेवते, म्हणजे चोरासारखी बसून राहू नकोस.

लहानपणी दुपारी तू पडलीस की मी बोटानं तुझी पापणी वर करून विचारायचे, 'आई, झोपलीस?' आणि तू तशीच, एक डोळा उघडा, म्हणायचीस हो. तुझ्या पापण्या मला तोंडपाठ आहेत गं. त्यांना कुणीही उठून ॲसिड लावलेलं मला चालणार नाही.

आता ऐका. मावशीनं फॉरवर्ड केलेला लसूण ठेचून लावायचा व्हिडिओ डिलीट करा, लसणानं कातडी भाजते. साय बंद, खारी बंद, तूप वरणावर एक चमचा, तोही छोटा. भडंग बंद नाही, पण डबा मांडीवर घेऊन सीरियल बघायची नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून चालायचं, बाबा पुढे आणि आई वीस पावलं मागे असं नाही. गोळ्यांचे डबे वेगवेगळे ठेवा, बाबांच्या बीपीच्या गोळीत हिची मिसळू नका.

आई, राग आला असेल तर दोन दिवस बोलू नकोस, चालेल. रविवारी मी फोन करते, तोवर गोळी मात्र घे.

तुमची,
माई

ता. क. बाबा, त्या क्लिनिकला पाचशे रुपये ॲडव्हान्स दिलेत असं दादा म्हणाला. पावती फेकू नका, मी परत मागून बघते.