कॅम्प्टोथेसिनच्या बॅचमध्ये सोडियम मीठ आढळल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय : कॅम्प्टोथेसिन, ५ ग्रॅम, शुद्धता ९८ टक्के – माल बदलून मिळण्याबाबत व चाचणीपद्धत सुधारण्याबाबत

महोदय,

आपण पाठवलेली कॅम्प्टोथेसिनची, म्हणजे कर्करोगावरच्या संशोधनात लागणाऱ्या वनस्पतिज संयुगाची, बाटली सीलबंद मिळाली. सोबतच्या प्रमाणपत्रावर शुद्धता ९८.३ टक्के आणि सल्फेटेड राख (सल्फ्युरिक आम्लासह जाळल्यावर उरणारे सोडियमसारखे खनिज अवशेष) ०.५ टक्क्यापेक्षा कमी, अशी नोंद आहे. आमच्या तपासणीत मात्र या पावडरीचा सुमारे २७ टक्के भाग कॅम्प्टोथेसिनचे सोडियम मीठ निघाला, म्हणजे ज्याची लॅक्टोन रिंग (रेणूतली अणूंची एक बंद कडी) उघडलेली आहे असा, पाण्यात विरघळणारा. हे दोन पदार्थ एकाच भावाने विकण्यासारखे नाहीत.

तपासणी साधी आहे, आपल्याकडेही तासाभरात सुरू करता येईल. १०० मिलिग्रॅम पावडर २० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ढवळून पाच मिनिटांच्या आत गाळली. जास्त वेळ ठेवू नये, कारण मालात अल्कली उरली असेल तर पाण्यातच आणखी रिंग उघडत जातात. शुद्ध कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गाळणकागदावर जवळपास सगळे राहायला हवे होते. वाळवून वजन केले तेव्हा ७२ मिलिग्रॅमच भरले. खाली आलेले पाणी पिवळसर, पीएच ९.१. अतिनील दिव्याखाली ते लख्ख निळे चमकले, पण ती चमक आम्ही पुरावा धरलेली नाही, लेशमात्र कॅम्प्टोथेसिनही तसेच चमकते. पुरावा पुढे आहे. त्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच २ वर आणला आणि रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी फिकट पिवळा साका बसला होता. आम्लात रिंग पुन्हा मिटते आणि न विरघळणारे कॅम्प्टोथेसिन खाली बसते. सल्फेटेड राख ५.१ टक्के आली. २७ टक्के सोडियम मिठाचा हिशेब ४.९ टक्के येतो, उरलेली मालात राहिलेल्या अल्कलीची.

मग प्रमाणपत्रावर ९८.३ टक्के कसे आले? आपल्या पद्धतीत एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारा द्रव, फॉस्फोरिक आम्लाचा, पीएच ३ चा आहे आणि नमुनाही त्यातच पातळ करून ठेवला जातो. इंजेक्शनची पाळी येईपर्यंत उघडलेल्या रिंग मिटतात आणि आलेखावर एकच सुबक पीक (शिखर) दिसते. दोष लपवणारी पद्धत वापरून दोष नाही असे लिहिले गेले आहे. नमुना डीएमएसओ या द्रावकात विरघळवून लगेच सोडावा, ट्रायएथिलअमाइन ॲसिटेट बफर पीएच ५.५ आणि ॲसिटोनायट्राइल वापरावे. दोन पीक वेगळी दिसतील, उघडलेल्या रिंगेचे आधी, लॅक्टोनचे नंतर.

मूळ चूक शुद्धीकरणात झाली असावी. कच्चा अर्क पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून गाळायचा आणि आम्ल घालून कॅम्प्टोथेसिन परत खाली बसवायचे, ही रीत जुनी आणि चांगली आहे. पण पीएच ५-६ वरच थांबले, किंवा थंड द्रावणाला वेळ न देता गाळले, किंवा शेवटची धुलाई बायकार्बोनेटने केली, तर मीठ तसेच राहते.

चाचणीच्या द्रव माध्यमात पीएच ७.४ ला रिंग तशीही उघडतेच, असे उत्तर आपल्या विक्री विभागाने फोनवर दिले. उघडते, हे खरे. पण आमची चाचणी टोपोआयसोमरेझ-१ या एन्झाइमवरची, अर्ध्या तासाची आहे. हे एन्झाइम डीएनएची एक दोरी कापून पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या फटीत बसून जोडणी अडवते आणि त्यासाठी रिंग मिटलेलीच लागते. १० मिलिमोलर द्रावणासाठी मिलिलिटरला ३.४८ मिलिग्रॅम घ्यावे लागते. आपल्या मालातून त्यात कामाचे जेमतेम अडीच मिलिग्रॅम पडले. कॅम्प्टोथेसिन इथे तुलनेचे माप आहे. मापच हलके निघाले, की त्याच्याशी ताडलेले प्रत्येक नवे संयुग विनाकारण सरस दिसते. असे संयुग पुढच्या टप्प्यात गेले तर वर्षे आणि पैसा वाया जातो, आणि हे काम कर्करोगाच्या रुग्णांसाठी चालले आहे.

सोडियम मिठाची गफलत या क्षेत्राला नवी नाही. मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेका या चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. ते पाण्यात विरघळेना, म्हणून १९७० च्या सुमारास रुग्णांना त्याचे सोडियम मीठ दिले गेले. गुण थोडा आला, मूत्राशयातून रक्तस्राव मात्र झाला आणि चाचण्या थांबल्या. कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेझ-१ ला अडवते, हा उलगडा १९८५ मध्ये झाला. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे त्यानंतर बाजारात आली, दोन्हींत लॅक्टोन रिंग जपलेली आहे.

आणखी एक. लेबलवर स्रोत ‘लागवडीचे कॅम्प्टोथेका’ असा आहे. क्रोमॅटोग्रामवर (एचपीएलसीच्या आलेखावर) ९-मेथॉक्सीकॅम्प्टोथेसिन या जोडसंयुगाचे ठळक पीक आहे, जे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडते. माल नरक्याचा असेल तर तसे लिहा आणि लाकूड कुठून आले त्याचा वनखात्याचा वाहतूक परवाना जोडा. वाळलेल्या लाकडात कॅम्प्टोथेसिन साधारण ०.१ ते ०.३ टक्के असते, म्हणजे या एका बाटलीमागे काही किलो लाकूड गेले. नरक्या बुंध्यापासून वर तोडला तर पुन्हा फुटतो, मुळासकट उपटला की झाड संपले. जंगलातून चोरून उपटलेल्या झाडांवर आम्हाला संशोधन करायचे नाही.

माल पंधरा दिवसांत बदलून द्यावा. नव्या बॅचसोबत लॅक्टोन आणि उघडलेल्या रिंगेचे आकडे वेगवेगळे, पीएच ५.५ च्या पद्धतीचा क्रोमॅटोग्राम आणि राखेची प्रत्यक्ष नोंद हवी. हीच बॅच ज्या इतर प्रयोगशाळांना गेली असेल त्यांनाही कळवावे. ते आमच्या भरपाईपेक्षा तातडीचे आहे.

उरलेले ३.९ ग्रॅम २ ते ८ अंशांवर, उजेडापासून झाकून ठेवले आहे. आपला माणूस आल्यास त्याच्यासमोर बाटली उघडून वरची चाचणी पुन्हा करून दाखवू.

आपले,
विश्लेषण विभाग,
वनस्पतिज औषध प्रयोगशाळा

सोबत : दोन्ही पद्धतींचे क्रोमॅटोग्राम, वजनाच्या नोंदी, आपल्या प्रमाणपत्राची प्रत