बर्चच्या सालीचं ठिगळ

बाब्चा, शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला पोलिशमध्ये लिहिलेलं पत्र कालच पोस्टात टाकलं. जेमतेम पानभर आहे. वॉर्सातल्या ऑफिसचं काम भागेल एवढं पोलिश मला येतं, पण मन मोकळं करायला ते अपुरं पडतं. म्हणून हे दुसरं पत्र माझ्या भाषेत, सगळ्यांसमोर लिहिते आहे. ‘आजी’ला तुमच्याकडे बाब्चा म्हणतात. पहिल्या पाच मिनिटांतच ‘मला बाब्चा म्हण’ असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मायना तोच ठेवला.

15 ऑगस्ट होता. पोलंडमध्ये ती मेरीमातेच्या सणाची सुट्टी असते आणि बहुतेक सगळी दुकानं बंद असतात. मी आदल्या रात्री पूर्व पोलंडमधल्या हाइनुफ्का शहरात मुक्कामाला आले होते आणि सकाळी सहाला एकटीच सायकलवर निघाले. बेत असा होता की ब्यावोव्हिएझाच्या जंगलातून त्याच नावाच्या गावात जायचं, तिथून उत्तरेला नारेफ्का गाठायचं आणि वळसा घालून परत हाइनुफ्काला यायचं. सगळं मिळून साठ-सत्तर किलोमीटर. पन्हाळ्याच्या चढावर दम काढत सायकल शिकलेल्या माझ्या पायांना ती सपाटी म्हणजे सुख होतं. वाटेत जागोजागी ‘ग्रीन वेलो’च्या नारिंगी पाट्या भेटत होत्या. पूर्व पोलंडच्या 5 प्रांतांतून जाणारा सुमारे 2,000 किलोमीटरचा हा सायकलमार्ग आहे, आणि त्याचा एक तुकडा तुमच्या अंगणाजवळून जातो.

ब्यावोव्हिएझातलं राजवाड्याचं उद्यान मी घाईनं पाहिलं. झारचा शिकारी वाडा 1944 मध्ये जळाला. आता विटांचं प्रवेशद्वार तेवढं उभं आहे. तळ्याकाठी एक दगडी स्तंभ आहे. राजा तिसऱ्या ऑगस्टसनं 1752 मध्ये एका शिकारीत 42 झुब्र, म्हणजे युरोपातले रानगवे, मारले, त्याची ती आठवण. मी त्यापुढे उभी राहिले आणि मनात 1919 साल आलं, कारण याच जंगलातला शेवटचा मोकळा झुब्र त्या वर्षी मारला गेला. पुढे प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या जनावरांपासून पैदास करून ते परत रानात सोडायला 1952 उजाडलं. लाल विटांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधली चिनीमातीची मूर्तिभिंत बघायची होती, पण आत पूजा चालली होती. दारातूनच हात जोडले.

मी रेंगाळले ती जंगलात. नारेफ्काच्या दिशेनं जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर दर थोड्या अंतरावर मी पाय टेकत होते. ओक, हॉर्नबीम, लिंडेन, स्प्रूस, आणि त्यांच्या पायाशी आडवे पडलेले महाकाय ओंडके. कोणी उचलत नाही, कोणी कापत नाही. एका पडलेल्या स्प्रूसवर शेवाळाची गादी होती आणि त्या गादीत बोटभर उंचीची स्प्रूसचीच रोपं ओळीनं उगवली होती, वाफ्यात लावल्यासारखी. मी गुडघ्यांवर बसून ती मोजली. सतरा होती. हे सुंदर आहे, असं मी तुम्हाला नंतर सांगितलं. त्यावर तुम्ही काय म्हणालात, ते पुढे लिहिते.

नारेफ्का मागे टाकून बराच वेळ झाला होता. उतारावर एका धारदार खड्यानं मागचा टायर बाजूनं चिरला. पंक्चरला मी घाबरत नाही, जादा ट्यूब जवळ असते. पण टायरच फाटला की नवी ट्यूब त्या फटीतून फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. तशीच फुटली. शहरातले सायकलवाले सुट्टीवर होते, मोबाइलला रेंज नव्हती. सायकल ढकलत चालत राहिले. विजेच्या खांबावरच्या घरट्यात एक करकोचा उभा होता, रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. मग तुमचं गाव आलं. रस्त्याकडे अरुंद बाजू करून बसलेली लाकडी घरं, खिडक्यांभोवती कोरीव चौकटी, आणि अंगणात सरपण रचणाऱ्या तुम्ही. तुमचं चर्च ऑर्थोडॉक्स, तुमचा मेरीमातेचा सण 28 तारखेला, म्हणून त्या दिवशी गावभर कामं चालू होती. माझं नशीब.

तुम्ही आधी टायर पाहिला, मग मला. पाण्याचा तांब्या पुढे केलात आणि यजमानांच्या शेडचं कुलूप काढलंत. जुन्या ट्यूबचा तुकडा कात्रीनं कापलात. तो लावून बघितलात, अंगठ्यानं दाबलात आणि मान हलवलीत. रबर ताणलं जात होतं, फट उघडतच होती. मग तुम्ही सरपणाच्या ढिगाकडे गेलात, बर्चचा एक ओंडका निवडलात आणि सुरीनं त्याची साल सोललीत. पांढरी, कागदासारखी, पण हातात घेतल्यावर चामड्यासारखी चिवट. दुहेरी घडी केलीत, कडा तासून गोल केल्यात, टायरच्या आतून चिरेवर बसवलीत आणि ट्यूब घासू नये म्हणून वर रबराचा तुकडा अंथरलात. शेडमधून यजमानांच्या सायकलची जुनी ट्यूब काढलीत. तिला दोन पॅच होते, पण हवा धरत होती. मी पंप मारला. तुम्ही टायरवर कान ठेवून ऐकलंत. ‘दोब्झे,’ म्हणालात. छान. त्या बोटांना संधिवात आहे, हे मला तेव्हा दिसलं.

मी निघायला हवं होतं, पण तुम्ही बटाट्याची धिरडी तव्यावर टाकली होती. त्या दीड तासासाठीच हे पत्र आहे. टायरसाठी पोलिशमधलं एक पान पुरेसं होतं.

तुम्ही शेजारणीशी बोलायला लागलात आणि मला एक शब्द कळेना. ही कुठली भाषा, असं विचारलं. ‘पो स्वोयोमू’, आपली आपली, असं उत्तर आलं. ना धड पोलिश, ना बेलारूसी, घरातली. कोल्हापूरची बोली वॉर्सात कोणाशीच बोलता येत नाही मला, म्हणून ते उत्तर फार जवळचं वाटलं.

पडलेल्या झाडांचं सांगितलं तेव्हा तुम्ही धिरडं उलटता उलटता थांबलात. तुमचे यजमान जन्मभर लाकूडतोडीत होते, हाइनुफ्का शहरच लाकडावर वाढलेलं. स्प्रूसला सालकिडा लागला म्हणून 2016 मध्ये तोड वाढवली, त्यावरून भांडण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि 2018 मध्ये तोड बेकायदा ठरली, हे मी वाचलं होतं. तुम्ही ते घरातून पाहिलं होतं. वाळलेलं झाड कुजताना बघून यजमानांचा जीव तळमळायचा, असं सांगितलंत. शेवटच्या आजारपणात खिडकीतून जंगलाकडे बघत ते ओंडक्यांचा हिशेब करायचे. मी वाद घातला नाही. त्या सतरा रोपांबद्दलचं माझं मत आजही तेच आहे, पण ज्यांच्या घरात थंडीला चूल पेटते त्यांचंही मी ऐकलं, आणि ते तुमच्यामुळे.

मग तुम्ही माझं गाव विचारलंत. कोल्हापूरजवळ वळिवडे म्हणून जागा आहे, असं मी सांगितलं. 1940 मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे नेलेल्या माणसांपैकी सुमारे 5,000 जण पुढे इराणमार्गे तिथे आले, 1943 ते 1948 राहिले. बायका आणि मुलंच जास्त. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही हातातली सुरी खाली ठेवलीत आणि ‘ब्येझेन्स्त्वो’, म्हणजे निर्वासितपण, असा शब्द उच्चारलात. 1915 मध्ये तुमच्या भागातली गावंच्या गावं गाड्या जुंपून रशियाकडे पळाली. तुमची आई तिकडेच जन्मली. परतले तेव्हा घराच्या जागी गवत होतं. ‘तुमच्याकडे त्या मुलांना खायला मिळालं का?’ एवढंच विचारलंत. मिळालं, म्हणाले मी.

निघताना तुम्ही झाडावरून पापिएरूव्का काढलीत. फिकट पिवळी, पातळ सालीची सफरचंदं, शेवटची चार. एक कापून माझ्या हातात दिलंत. तुम्हीही घ्या म्हणाले, तर हात मागे घेतलात. 19 ऑगस्टला चर्चमध्ये फळांना आशीर्वाद मिळतो, त्याआधी तुम्ही सफरचंद खात नाही. पाहुणीनं खायला हरकत नाही. मी कारण विचारायला नको होतं, पण विचारलं. ज्या आईचं लेकरू गेलंय तिनं त्या दिवसाआधी सफरचंद खाल्लं, तर वर देवाकडे फळं वाटताना तिच्या लेकराला मिळत नाही. तुम्ही हे हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलंत. त्रेपन्न वर्षं झाली, असंही.

बाब्चा, माझ्या आजीनं काशीला जाऊन सीताफळ सोडलं होतं. आमच्याकडे तशी रीत आहे. दारातलं झाड लगडायचं, ती आम्हाला गर काढून द्यायची आणि स्वतः बोटही चाटायची नाही. तिनं ते कोणासाठी सोडलं हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. हे मला तुम्हाला त्या दिवशी सांगायचं होतं. पोलिश शब्द सापडले नाहीत. मी तुमचा हात धरला, तुम्ही माझ्या गालावर थोपटलंत. उरलेली तीन सफरचंदं तुम्ही हँडलच्या पिशवीत घातलीत आणि फाटकातून ओरडलात, ‘शेरोकिए द्रोगी!’ रस्ता रुंद मिळो, असा प्रवाशाला द्यायचा तुमचा आशीर्वाद.

ठिगळ हाइनुफ्कापर्यंत टिकलं. वॉर्साला टायर बदलला तेव्हा साल आतून काढून घेतली. घडीवर थोडी काळी पडली आहे, फाटलेली नाही. ती माझ्या टेबलावर आहे.

सफरचंदं 19 तारखेपर्यंत तशीच ठेवली. पापिएरूव्का टिकत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. कापली तेव्हा पिठूळ झाली होती. तिन्ही खाल्ली.

तुमची,
कोल्हापूरची सायकलवाली