सायटेशनच्या आकड्यासोबत त्याचा हिशेबही छापावा

माननीय संपादक,

‘जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञ’ ही यादी जाहीर झाली की तिच्यात कोणाकोणाची नावे आली, याच्या बातम्या दरवर्षी ठळकपणे छापून येतात. संशोधकांचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र ही यादी ज्या सायटेशनच्या, म्हणजे एका निबंधाचा दुसऱ्या निबंधात दिलेल्या संदर्भांच्या, आकड्यांवर उभी आहे ते आकडे कसे मोजतात, त्यांतून काय कळते आणि काय कळत नाही, याची एक ओळही बहुतेक बातम्यांत नसते. सायटेशन विश्लेषण हेच आमचे रोजचे काम असल्यामुळे ही उणीव आम्हाला फार खटकते. नुसता आकडा छापू नये. तो कोणत्या विषयातला, कोणत्या वर्षांचा, कोणत्या डेटाबेसमधला आणि स्वतःची सायटेशन्स धरून की वगळून, हे त्याच्याबरोबर यायला हवे, एवढीच आमची मागणी आहे.

आधी यादीविषयी. ती कोणतीही समिती निवडत नाही. तिच्यासाठी अर्ज नसतो, परीक्षण नसते. जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या संशोधन निबंधांच्या डेटाबेसवरून ती संगणकाने काढतात. आयोनिडिस स्टॅनफर्डचे प्राध्यापक आहेत म्हणून बातम्यांत ती ‘स्टॅनफर्डची यादी’ होते, पण हा विद्यापीठाने दिलेला सन्मान नव्हे. यादीसाठी सहा मोजमापे घेतात : एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स (त्याची कृती पुढे दिली आहे), सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि पुढची तीन लेखकाच्या स्थानावरून, म्हणजे एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने किंवा पहिला लेखक म्हणून लिहिलेल्या, तसेच एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून लिहिलेल्या निबंधांची सायटेशन्स. प्रत्येक आकड्याचा लॉगरिदम घेऊन त्या मोजमापातल्या कमाल मूल्याशी त्याचे प्रमाण काढतात आणि सहाही प्रमाणांची बेरीज करतात.

या रचनेत पहिल्या आणि शेवटच्या लेखकाला वजन मिळते. जीवशास्त्रात ते रास्त आहे, कारण तिथे पहिल्याने बहुधा प्रयोग केलेले असतात आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो. गणितात आणि अर्थशास्त्रात मात्र नावे बहुतेक वेळा आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात. तिथे आडनावाचे आद्याक्षरच गुणांत मिसळते, आणि हा दोष किरकोळ नाही. दुसरे म्हणजे, याद्या दोन असतात : एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. एका वर्षाच्या यादीचा अर्थ ‘त्या वर्षी केलेले संशोधन’ असा बातम्यांत लावला जातो, तो चूक आहे. आजवरच्या सर्व निबंधांना त्या एका वर्षात मिळालेली सायटेशन्स तिच्यात मोजलेली असतात. वीस वर्षांपूर्वीच्या कामाच्या जोरावरही तिच्यात नाव येऊ शकते.

आता एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. कृती सोपी आहे : निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन्स क्रमांकाइतकी किंवा अधिक आहेत तिथे थांबायचे. समजा, एकाचे आकडे ४८, ३१, १७, ९, ६, ५, २, ० असे आहेत. पाचव्या निबंधाला ६ आहेत, ते चालतात. सहाव्याला ५ आहेत, ते सहापेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ५. दुसऱ्याचे आकडे ४१०, १५०, ५, ५, ५ असतील तर त्याचाही एच-इंडेक्स ५ च. पहिल्या दोन निबंधांनी एखादे क्षेत्र बदलून टाकले असले तरी ते या आकड्यात उतरत नाही. आता पहिल्याने आपल्या पुढच्या निबंधात स्वतःच्या सहाव्या निबंधाचा फक्त एकदा संदर्भ दिला, तर ५ चे ६ होतात आणि एच-इंडेक्सही ६ होतो. सीमेवरच्या एका निबंधाला एक सायटेशन, आणि आकडा थेट वीस टक्क्यांनी वर. फुगवलेला एच-इंडेक्स ओळखायचा तर सीमेच्या आसपासच्या निबंधांची सायटेशन्स कोणाकडून आली हे आधी पाहावे. आपल्याच आधीच्या कामाचा संदर्भ देणे गैर नाही, पुष्कळदा ते आवश्यकच असते. त्याचे प्रमाण त्या विषयाच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा फार वर गेले, तरच शंकेला जागा.

विषयांतील फरक हा सर्वांत जास्त दुर्लक्षिलेला मुद्दा आहे. पेशीजीवशास्त्रातल्या निबंधात पन्नास-साठ संदर्भ सहज असतात, गणितातल्या निबंधात बरेच कमी. जिथे संदर्भ देण्याचीच रीत सढळ आहे, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला सायटेशन्सही जास्त येतात. म्हणून भागाकार करावा लागतो : निबंधाची सायटेशन्स भागिले त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांची जागतिक सरासरी. गणितातल्या एका निबंधाला १२ सायटेशन्स आहेत आणि तिथली सरासरी ४ आहे असे धरू, उत्तर ३. पेशीजीवशास्त्रातल्या निबंधाला ४० आहेत आणि सरासरी ५०, उत्तर ०.८. कच्च्या आकड्यात मागे दिसणारा निबंध इथे बराच पुढे निघतो. ‘त्याच प्रकारच्या’ ही अट विसरली की गणित बिघडते, कारण आढावा लेखांना मूळ संशोधनापेक्षा सरसकट जास्त सायटेशन्स मिळतात. शिवाय थोड्या निबंधांकडे बहुतेक सायटेशन्स एकवटलेली असल्याने सरासरी वर ओढली जाते. त्यामुळे निबंध आपल्या विषयातल्या सर्वाधिक सायटेशन्सच्या दहा टक्क्यांत बसतो का, हे पाहणे अधिक भरवशाचे.

संशोधनपत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाला किंवा एकेका निबंधाला चिकटवण्याची सवयही याच कारणाने सोडायला हवी. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मधल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतले संशोधन व आढावा लेख. अंशात संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेली सायटेशन्सही येतात, छेदात मात्र ती संपादकीये आणि पत्रे मोजत नाहीत. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका या स्फटिकशास्त्राच्या पत्रिकेच्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता, तो २००९ मध्ये ४९.९२६ झाला. कारण एकच निबंध. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी शेल्एक्स या स्फटिकरचनेच्या प्रोग्रॅम्सवर २००८ मध्ये लेख लिहिला आणि प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी त्याचाच संदर्भ द्यावा असे सुचवले. तो लेख दोन वर्षांच्या मुदतीबाहेर गेल्यावर आकडा पुन्हा दोनच्या घरात आला. त्या काळात त्याच पत्रिकेत छापलेले इतर निबंध एका वर्षात चोवीस पट चांगले झाले नव्हते. ‘नेचर’ या पत्रिकेनेही २००५ मध्ये आपल्या संपादकीयात सांगितले होते, की त्यांच्या ताज्या इम्पॅक्ट फॅक्टरचा ८९ टक्के भाग २५ टक्के निबंधांनी मिळवून दिला.

काळाचा प्रश्न याला जोडूनच येतो. आइन्स्टाइन, पोडॉल्स्की आणि रोझेन यांच्या १९३५ च्या निबंधाचे संदर्भ खऱ्या अर्थाने वाढले ते अनेक दशकांनी, पुंज-माहितीशास्त्र (क्वांटम इन्फर्मेशन) उभे राहू लागल्यावर. दोन किंवा पाच वर्षांच्या मोजणीत तो सामान्यच ठरला असता.

म्हणून एखाद्या कामाचा प्रभाव जोखायचा तर बेरीज बाजूला ठेवून आम्ही सायटेशन्सची ठेवण पाहतो. निबंधाला संदर्भ देणाऱ्यांची यादी उघडायची. त्यातून मूळ लेखक आणि सहलेखकांचे निबंध वेगळे काढायचे. उरलेले किती वेगवेगळ्या गटांचे, पत्रिकांचे आणि विषयांचे आहेत ते पाहायचे. मग वर्षवार आलेख. निरोगी आलेख हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. एखाद्या वर्षीच एकदम उंच टोक दिसले आणि ती सायटेशन्स दोन-तीन पत्रिकांतूनच आली असतील तर परस्पर देवघेवीची शक्यता तपासायची. त्यानंतर संदर्भ देणारे वीस-पंचवीस निबंध प्रत्यक्ष उघडायचे आणि उल्लेख कुठे आहे ते वाचायचे. प्रस्तावनेत पंधरा संदर्भांच्या गठ्ठ्यात आलेला उल्लेख आणि ‘ही पद्धत वापरून आम्ही मोजमाप केले’ असा कृतिविभागातला उल्लेख यांचे मोल सारखे नसते. हे काम वेळखाऊ आहे, पण यंत्र अजून ते आमच्या समाधानाइतके चांगले करत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेने २०१० मध्ये मागे घेतलेला लस आणि ऑटिझमविषयीचा १९९८ चा निबंध भरपूर उल्लेखला जातो, मुख्यतः तो कसा चुकीचा होता हे सांगण्यासाठी. उलट, प्रथिने मोजण्याची लाउरी आणि सहकाऱ्यांची १९५१ ची पद्धत तीन लाखांहून अधिक सायटेशन्स मिळवून बसली आहे, कारण ती असंख्य प्रयोगशाळांत रोज वापरली गेली. बेरजेत दोन्हीकडची सायटेशन्स सारखीच मोजली जातात.

डेटाबेसचे नाव देणे का गरजेचे, तेही सांगतो. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच खुले केलेले निबंध), अहवाल सगळे मोजते, म्हणून तिथला आकडा सहसा सर्वांत मोठा. वेब ऑफ सायन्स मुख्यतः निवडक पत्रिका घेते. पुस्तके आणि इंग्रजीबाहेरचे लेखन बहुतेक ठिकाणी अर्धवट येते, त्यामुळे इतिहास किंवा भाषाशास्त्रातल्या अभ्यासकाचा आकडा जवळजवळ निरर्थक होतो. सारख्या आद्याक्षरांच्या दोन व्यक्ती एकाच खात्यात मिसळणे हा तर नेहमीचा घोटाळा. संशोधकाचा ऑर्किड (ORCID) हा सोळा अंकी ओळख क्रमांक घेऊन निबंधांची यादी ताडून पाहिली की तो बहुधा उघड होतो.

पुढच्या वेळी यादीची बातमी करताना आपल्या वार्ताहरांनी मूळ एक्सेल फाइल उतरवून घ्यावी. ती सर्वांना खुली असते. प्रत्येक नावासमोर उपविषयातला क्रमांक आणि त्या उपविषयातल्या एकूण लेखकांची संख्या असते. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणले की खरी टक्केवारी मिळते. स्वतःच्या सायटेशन्सची टक्केवारी वेगळ्या रकान्यात आहे आणि ती वगळून काढलेल्या क्रमांकाच्या रकान्याला ‘एनएस’ अशी खूण आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या निबंधांची संख्याही दिलेली असते. हे पाच रकाने आणि यादी कारकिर्दीची की एका वर्षाची, एवढे बातमीसोबत छोट्या चौकटीत बसेल.

आपले विश्वासू,
सायटेशन विश्लेषणाच्या क्षेत्रातील काही वाचक