चावी हरवली नसती तर

प्रिय वोवॉ,

पोर्तुगीजमध्ये आजीला वोवॉ म्हणतात, ते तुमच्याच तोंडून ऐकलं. पत्र मराठीत लिहितेय. नात भाषांतर करून वाचून दाखवेल. माझ्या पोर्तुगीजमध्ये आभार मानले असते तर पहिल्या केकसारखेच ते बसले असते.

ब्राझीलमधल्या तुमच्या बेलो होरिझोंते शहरातला तो माझा पंधरावा दिवस. फ्लॅटचं दार वाऱ्याने ओढलं गेलं आणि मी अनवाणी बाहेर. घाबरून चक्क मराठीत ‘चावी, चावी’ करत तुमची बेल वाजवली. तुम्ही ‘आ, शावी!’ म्हणत लगेच फोन उचललात. चावी, पाव, साबण, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे शाळेत मार्कांपुरतं पाठ केलं होतं. कुलूपवाला येईपर्यंत दीड तास तुमच्या स्वयंपाकघरात बसले. कापडी गाळणीतून उतरलेली कॉफी आणि बशीत पिवळाधमक तुकडा, बोलो दे फुबा, म्हणजे फुबाचा केक.

फुबा म्हणजे मक्याचं अगदी बारीक पीठ. शब्द अंगोलाकडच्या किंबुंदू भाषेतला, गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ब्राझीलला पोचलेला. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. दुकानातून पिवळं दिसलं ते उचललं, ते निघालं फ्लोकाओ, कुसकुससाठीचे मक्याचे जाड कण. केक कसला, गोड वाळू. दुसऱ्यांदा पीठ बरोबर आणलं, पण मिश्रण इतकं पातळ दिसलं की वाटीभर फुबा आणखी ढकलला. वीट झाली.

तिसऱ्या वेळी तुम्ही शेजारी उभ्या राहिलात. माझा हात डब्याकडे गेला आणि तुम्ही ओरडलात, ‘उआय!’ (आमच्या ‘अगोबाई’चं जे काम, तेच तुमच्या मिनास राज्यात या ‘उआय’चं.) चार कप दूध, दीड कप फुबा, दोन चमचे मैदा, तीन अंडी, दोन चमचे लोणी, 100 ग्रॅम किसलेलं चीज, सगळं मिक्सरमधून. बेकिंग पावडर शेवटी, नुसती ढवळून. ताकासारखं पातळ असतं ते, तसंच असायला हवं. 180 अंशांवर साधारण पाऊण तासात फुबा खाली बसतो, वर खरपूस साय धरते आणि मधोमध दूध-अंडं-चीज खरवसासारखं थरथरत जमतं. गरम असताना सुरी लावली तर तो थर वाहून जातो. माझ्या बोटांवर तुम्ही मारलेली चापट आठवते.

साखर मात्र तुमच्या तीन कपांऐवजी मी दीडच कप घालते. यावर वाद नको.

त्या दुपारी तुम्ही सहज बोलून गेलात, लहानपणी शेतावर ओव्हन नव्हता, आई बिडाच्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून हाच केक करायची. मी ताडकन उठले. अहो, हे तर आमच्या आजीचं धोंडस! जून काकडी, तांदळाचा रवा, गूळ आणि खाली-वर निखारे. ते तुम्हाला समजावताना माझं पोर्तुगीज संपलं, हातवारे पुरले नाहीत, शेवटी कागदावर चूल काढली. तुम्ही चित्राकडे पाहून डोळे पुसलेत. घरापासून इतक्या लांब आल्यावर मला पहिल्यांदा कोणाला तरी आजीबद्दल सांगता आलं होतं.

आता मी रत्नागिरीत आहे. इथे कॉर्नफ्लोर मागितलं की पांढरं स्टार्च मिळतं, ते चालत नाही. पिवळा मका गिरणीतून दळून आणते आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळते. तुमचं मिनासचं चीज नाही, साधं क्यूबचं किसते, थोडं खारट होतं. गोइयाबादा या तुमच्या पेरूच्या घट्ट मिठाईच्या जागी गोव्याहून आणलेलं पेराद, तेही पेरूचंच. त्याचे तुकडे पिठात घोळवूनही पातळ मिश्रणात तळाशीच जातात. तुमचेही जायचे, तुम्ही कबूल करत नव्हता एवढंच.

तुम्ही निघताना हातात ठेवलेला मधे भोक असलेला साचा आईने ताब्यात घेतलाय. ओव्हनवर तिचा विश्वास नाही. रविवारी परसातल्या चुलीवर, झाकणावर निखारे ठेवून करणार म्हणते. करपला तरी नातीच्या फोनवर फोटो पाठवते.

तुमची,
शेजारीण