सतरा नंबरच्या अर्जासाठी आभार

लग्नामुळे सुटलेले शिक्षण पुढे नेण्याची इच्छा अनेक वर्षे मनात होती, पण मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांमध्ये बसण्याचा संकोच आणि बीजगणिताची धास्ती यांमुळे पाऊल उचलले जात नव्हते. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून नियमित शाळेत न जाताही दहावीला बसता येते आणि त्यासाठी पाचवी उत्तीर्ण असणे पुरते, हे मला प्रथम सांगणाऱ्या अंगणवाडी सेविकेचे मी मनापासून आभार मानते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हरवलेला असताना दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र कसे जोडायचे ते समजावून, अर्ज त्याच दिवशी भरायला लावणाऱ्या संपर्क केंद्रातील लिपिकांचे ऋण सर्वांत मोठे आहे, कारण तेव्हा माघारी फिरले असते तर मी बहुधा पुन्हा गेले नसते. माझा स्वयंपाक आटोपेपर्यंत थांबून समीकरणे शिकवणाऱ्या शेजारच्या मुलीचे, आणि पहिल्या पेपरला माझा थरथरता हात पाहून धीर देणाऱ्या पर्यवेक्षक बाईंचेही आभार. याच नंबरच्या अर्जाने बारावीलाही बसता येते. घरी थांबलेल्या इतर बायकांपर्यंत ही माहिती आपण अशीच पोहोचवत राहावी, ही कळकळीची विनंती.