वाघाचा डबा

कोल्हापूर,
रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल दसऱ्याची साफसफाई म्हणून माळ्यावर चढलो. तुझी आई खाली स्टूल धरून उभी आणि तोंडानं अखंड सूचना. तांब्याचा बंब निघाला, तुझी तीनचाकी निघाली आणि त्यामागं एका पिशवीत तुझा वाघ. केलॉग्जच्या फ्रॉस्टीजचा, म्हणजे साखर लावलेल्या कॉर्नफ्लेक्सचा, तो पुठ्ठ्याचा डबा गं. नारिंगी रंग उडून हळदीवर आलाय, पण निळं नाक आणि गळ्यातला लाल रुमाल शाबूत आहे.

परवा तू फोनवर पिहूची तक्रार करत होतीस, अस्वलाचा डबा समोर ठेवल्याशिवाय पोरगी नाश्त्याला बसत नाही म्हणून. मी हसलो आणि तू चिडलीस. मी का हसलो ते आता लिहून सांगतो.

केलॉग्ज भारतात आलं 1994 साली. त्या कॉर्नफ्लेक्सची सगळी ऐट कुरकुरीतपणाची. तिकडं फ्रीजमधलं गार दूध ओततात, म्हणून ते कुरकुरतात. आपल्या घरांत दूध म्हणजे तापवलेलं. वाफाळतं ओतलं की दोन मिनिटांत लगदा. देशभर घरोघरी हेच झालं. त्यात आपलं दूध म्हशीचं, गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून आणलेलं, वर बोटभर साय. पहिल्या दिवशी मीच ओतलं आणि तू वाटीत बघून जो गळा काढलास, तो शेजारच्या वाड्यात ऐकू गेला.

आज्जीला तर ते खाणंच मान्य नव्हतं. आधीच्या साध्या कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावर कोंबडा होता. ती म्हणाली, "वर कोंबडा, आत मका. कोंबड्यास्नी घालायचं ते पोरीला घालतासा व्हय?" आणि तुला दूध-भाकरीचा काला करून दिला, गूळ घालून. आज्जाचं वेगळंच. जन्म तालमीत गेलेला माणूस. त्यानं वाघाचे दंड निरखले आणि विचारलं, "ह्यो कुठल्या तालमीचा?" तू म्हणालीस, "अमेरिकेच्या." पुढं कितीतरी दिवस तो सकाळी तुला विचारायचा, "पैलवान उठला का?"

त्या वाघाची कुंडली मला नंतर कळली. नाव टोनी, जन्म 1952 चा. सुरुवातीला त्याच्या जोडीला डब्यांवर केटी नावाची कांगारूही होती. पण लोकांनी वाघच उचलला आणि कांगारू घरी गेली. आज्जाच्या कानावर हे घातलं असतं तर म्हणाला असता, निकाली कुस्ती झाली.

तुला ते खाणं आवडायचं असं मला कधीच वाटलं नाही. तुला वाघ हवा होता. डबा ताटासमोर उभा करायचीस, त्याची नजर तुझ्याकडं आहे की नाही ते तपासायचीस आणि मग पहिला चमचा. मला ते कळायचं, कारण लहानपणी मीही एका पोरावर असाच जीव टाकला होता. आशियन पेंट्सचा गट्टू. कपाळावर बट, हातात रंग गळणारा ब्रश. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 ला काढलेला, आणि त्याला नाव सुचवायला 500 रुपयांचं बक्षीस लावलं होतं म्हणे. लक्ष्मीपुरीतल्या रंगाच्या दुकानाबाहेर तो पत्र्यावर होता, आणि मी उगाच वाट वाकडी करून तिकडनं शाळेत जायचो. रंग काय खायचा नव्हता, म्हणून आमच्या आईबापांचे पैसे वाचले.

आता मुद्द्याचं. तो डबा आमच्या महिन्याच्या वाणसामानात बसत नव्हता. पहिला संपला, दुसरा आणलाच नाही. लक्ष्मीपुरीतनं सुटे कॉर्नफ्लेक्स आणायचो आणि तू झोपलीस की कढई चढवायचो. दोन चमचे साखर, घोटभर पाणी, एकतारी पाक झाला की फ्लेक्स टाकून भराभर हलवायचं आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचं. हलवायला जरा उशीर झाला की चिक्की. सकाळी वाघाच्या डब्यातल्या पिशवीत भरून वर कपड्याचा चिमटा. एकदा साखर संपली होती, म्हणून गुळात केलं. सगळं तपकिरी झालं. तू विचारलंस, आणि मी बेधडक सांगितलं की वाघानं चॉकलेटचं काढलंय. आई ओट्याकडं तोंड करून हसत होती. त्या दिवशी तू दोन वाट्या खाल्ल्यास. आपल्या गुळाला तोड नाही, हे मी उगाच म्हणत नाही.

चिलीत 2016 पासून जास्त साखरेच्या डब्यांवर पोरांना भुलवणारी अशी चित्रं छापायला बंदी आहे. तिथल्या डब्यावरनं आपला वाघही उतरला. वाचलं तेव्हा बुद्धीला पटलं. तरी वाईट वाटलं, ते का ते विचारू नकोस. पिहूचं अस्वल काढून घे किंवा राहू दे, तुझं तू बघ. कढईची रीत वर दिलीच आहे, गूळ मात्र इथनं पाठवीन.

आणि एक राहिलं. काल डबा पुसताना उलटा केला. खाली शिक्का आहे, अमुक महिन्याच्या आत संपवा असा, साल 1998. त्याच्याभोवती निळ्या बॉलपेननं गोल केलाय आणि शेजारी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाचं टिंब तुझंच, पोकळ गोळ्यासारखं. तू तिसरीत जाईपर्यंत मी तो डबा भरत होतो, मनू. म्हणजे 1999 पर्यंत.

तुला कधी कळलं? फोनवर नको सांगू, तुझी आई स्पीकर लावते.

तुझे
पप्पा